ऑगस्टमधलं अर्थिंग

बत्तीसाहेब हे नाव सुलेमान होडेकराला जहाजावर मिळालं. जहाजावर विजेचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे त्याच नावानं हाक मारतात, त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काही नाही. पण एकतीस वर्षांनी नोकरी सोडून तो रत्नागिरीत कायमचा राहायला आला, तेव्हा परफ्यूमच्या बाटल्या आणि दोन जाडजूड ब्लँकेटं यांच्याबरोबर हे नावही घेऊन आला, आणि नाचणे रोडवरच्या निशिगंध अपार्टमेंटमधल्या बारा बिऱ्हाडांनी ते बिनतक्रार चालवून घेतलं. न घेऊन सांगतात कुणाला? कुणाचा पंखा घरघरला, कुणाच्या गीझरनं मान टाकली, की बत्तीसाहेब खिशाला टेस्टर लावून हजर. पैसे घ्यायचा नाही. चहा चालायचा, तोही दोनदा. बदल्यात अपेक्षा एवढीच की विजेच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानावा.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये बसवलेला गाडीचा चार्जर चालू होईना, म्हणजे काय म्हणायचं!

गाडी त्याच्या मुलीची, झोयाची. झोया राजापूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. सकाळी सहाची एस.टी. धरायची, परत यायला रात्रीचे आठ, कधी साडेआठ. हायवेचं काम तर गेली कित्येक वर्षं संपतच आलेलं आहे. वर्षभर तिनं हे निभावलं आणि मार्चमध्ये एका रविवारी कोलंब्या सोलता सोलता सांगून टाकलं, "अब्बा, मला हे झेपत नाही. एक तर गाडी घेते, नाही तर तिथेच खोली घेते."

बायको, फातिमा, जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. खोली म्हटल्याबरोबर सुलेमाननं हातातला पेपर बाजूला ठेवला. उभ्या आयुष्यात घर सोडून जाणारा नेहमी तो असायचा. मागे राहायचं काम त्यानं कधी केलेलं नव्हतं, आणि सासष्टाव्या वर्षी ते शिकायची त्याची मुळीच तयारी नव्हती. "गाडी घे," तो म्हणाला. "विजेची घे. चार्जरचं मी बघतो. तो माझ्या डाव्या हातचा मळ."

एप्रिलअखेर गाडी आली. रोजचं जाऊन येऊन एकशे तीस-चाळीस किलोमीटर, म्हणजे रोज घरी पोटभर चार्जिंग व्हायलाच हवं. चार्जर बसेपर्यंत झोया हायवेवरच्या एका हॉटेलात तासतासभर ताटकळत गाडी चार्ज करत होती, आणि आठवड्याभरात तिच्या चेहऱ्यावर पुन्हा खोली दिसायला लागली. राजापूरला नदीपलीकडे एक खोली तिनं बघूनही ठेवली होती. घरमालकिणीला बुधवारपर्यंत काय ते कळवायचं होतं.

शुक्रवारी चार्जर बसवायला नितेश आला. हा अलोऱ्याच्या कोयना कॉलनीत वाढलेला, बाप पॉवरहाऊसमध्ये नोकरीला, त्यामुळे विजेचं बाळकडू घरचंच. त्यानं मीटररूमपासून पार्किंगच्या खांबापर्यंत केबल ओढली, खांबावर चार्जर ठोकला. सुलेमान शेजारी खुर्ची टाकून सूचना देत बसला होता. "क्लॅम्प जरा वर घे. असं नाही, असं. सिंगापूरला ड्राय डॉकमध्ये आम्ही..." नितेश "हो काका" म्हणायचा आणि स्वतःला पाहिजे तेच करायचा. दुपारपर्यंत काम झालं. नितेशनं स्विच वर केला, आणि चार्जरवर लाल दिवा लागला. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा लाल.

नितेशनं मीटर काढलं, दोन ठिकाणी टोचलं आणि डोकं खाजवलं. "काका, अर्थिंग नाहीये."

"नाहीये म्हणजे? ही काय वायर दिसत नाही तुला?"

"वायर आहे हो. पण वायरच्या टोकाला जमीन नाही. हे बघा, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये बावन्न व्होल्ट. पाचच्या आत पाहिजेत. हा चार्जर त्या बाबतीत फार खवचट असतो. अर्थिंग नसेल तर गाडीला वीज सोडतच नाही."

"तुझं मीटर बिघडलंय," सुलेमान म्हणाला आणि दोन जिने चढून स्वतःचं मीटर घेऊन आला, चामड्याच्या पाकिटातलं. त्याच्या मीटरनं त्रेपन्न दाखवले.

मग दोघं इमारतीच्या मागे गेले. तिथे अर्थिंगचा खड्डा होता, वर सिमेंटचं झाकण. नितेशनं पहारीनं झाकण उचललं. आत कोळ्याचं जाळं, कोरडी ठणठणीत माती, आणि मधोमध एक सळई. नितेशनं ती हलवून बघितली, तर ती सरळ हातात आली! जेमतेम दीड हात लांब. बिल्डरच्या माणसांना खाली कातळ लागला असणार. कातळ कोण फोडत बसतो? त्यांनी सळई तिथेच कापली होती आणि वर सुबकपैकी चौकोन बांधून दिला होता.

"बारा वर्षांत हे कुणी उघडून बघितलं नाही?" नितेशनं विचारलं.

सुलेमाननं त्याच्या हातातली सळई घेतली आणि परत खड्ड्यात खोचली. कारण बारा वर्षांपूर्वी बिल्डिंग नवी असताना हे अर्थिंग तपासायला कमिटीनं त्यालाच सांगितलं होतं. तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला होता, ऑगस्ट महिना होता, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. त्यानं फेज आणि अर्थिंगच्या वायरमध्ये शंभराचा बल्ब लावून बघितला. बल्ब असा लखलखीत पेटला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. झाकण उघडून बघावं असं त्याच्या मनात आलंही होतं, पण झाकणावर घोटाभर पाणी होतं आणि त्याच्या पायात नवे बूट होते. त्यानं कागदावर लिहून दिलं, "अर्थिंग तपासले. उत्तम आहे." खाली सही, सहीखाली हुद्दा. जहाजाला जमीन नसतेच, तिथे सगळं पोलादाच्या अंगाला बांधलं की झालं, ही सवय एक सोडा. पण ऑगस्टात आपल्याकडे दगडालासुद्धा ओल असते, ती दिवाळीनंतर उतरत जाते आणि मे महिन्यात कातळ तव्यासारखा तापतो, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं का? त्याची त्यालाच मनापासून लाज वाटली.

"म्हणजे उन्हाळ्यात अख्ख्या बिल्डिंगला अर्थिंग नाही," नितेश म्हणाला. "एखाद्याचा गीझर लीक झाला असता तर..." त्याला बहुतेक म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असावं. तो इकडे तिकडे बघायला लागला. तळमजल्यावरच्या यमुनाबाईंच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू माजलं होतं. भर मे महिन्यात हिरवंगार. "काका, ओल आहे ती तिथे. तिथे खणलं तर आठ फूट रॉड सहज जाईल. तुम्ही असं करा, कमिटीला सांगा की कंपनीचा नियम आहे, चार्जरला वेगळं अर्थिंग लागतं. तसं ते खोटंही नाही. चार्जर चालू होईल. बाकीचं मागाहून सावकाश बघा की. कशाला उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

सल्ला चांगला होता. इतका चांगला की सुलेमानला त्या रात्री झोप लागली. जे आहे ते सांगून टाकलं तर काय होणार, हे त्याला दिसत होतं. आरडाओरडा होणार, उपसमिती नेमणार, तीन ठिकाणची कोटेशनं मागवणार, तोपर्यंत पाऊस, मग दिवाळी. बुधवार काही दिवाळीपर्यंत थांबणार नव्हता. आणि कंपनीचा नियम म्हटलं की पंधरा मिनिटांत काम. नावही राहतं, मुलगीही राहते.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. सेक्रेटरी भागोजी पानवलकर. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्त झाले तरी माइक काही तोंडातून निघालेला नव्हता. "सभासदांनी लक्ष द्यावे," ते म्हणाले. "पहिला आणि एकमेव विषय, होडेकर यांचा चार्जर."

चार नंबरच्या बिऱ्हाडातल्या नम्रतानं विचारलं, "त्या गाड्यांना आग लागते म्हणतात, खरं का?"

भागोजींनी फायलीतून एक पिवळा पडलेला कागद काढून वर धरला. "घाबरायचं कारण नाही. आपल्या इमारतीचं अर्थिंग खुद्द बत्तीसाहेबांनी तपासलेलं आहे. हे त्यांचं पत्र. 'अर्थिंग तपासले. उत्तम आहे.' आता बोला."

सगळ्यांनी सुलेमानकडे कौतुकानं बघितलं. सुलेमाननं मात्र कॉलरचं वरचं बटण सोडलं. तो उठला आणि शिकवल्यासारखा बोलला, "चार्जरला वेगळं अर्थिंग लागतं. कंपनीचा नियम आहे. मागच्या बाजूला अळू आहे तिथे एक खड्डा मारायचा, बस. खर्च माझा." आणि खाली बसला.

"अळू यमुनाबाईंचं आहे," भागोजी म्हणाले. "यमुनाबाई, आपलं म्हणणं काय?"

यमुनाबाई लिमये पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या अळूच्या पानाला न विचारता कुणी हात लावला तर तिन्ही मजले ऐकतील असा आवाज. सगळ्यांना वाटलं, आता घोडं इथेच पेंड खाणार. पण त्या म्हणाल्या, "खणा की. अळू काय, परत येईल. बत्तीसाहेबांनी मागितलंनीत तर मी नाही कशाला म्हणू? अहो, त्या शिंच्या वॉशिंग मशीनला हात लावला की दर उन्हाळ्यात मला मुंग्या येतात. मी भ्यायले. यांना बोलावलं. यांनी तपासून सांगितलंनीत, वहिनी, मशीन ठणठणीत आहे, तुम्हाला वाताचा त्रास असेल. तेव्हापासून मी निर्धास्त. चार वर्षं वाताच्या गोळ्या घेत्ये आणि पायात रबरी चपला घालून कपडे धुत्ये. माणूस जाणता असला की जिवाला घोर राहत नाही हो!"

"एकमताने मंजूर," असं म्हणत भागोजींनी पेनाचं टोपण काढलं.

आता काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. दोन ओळी लिहून व्हायच्या, चहा यायचा, सभा संपायची. सुलेमाननं मान खाली घातली, तर त्याला समोर यमुनाबाईंचे पाय दिसले. सभेलासुद्धा त्या त्याच चपला घालून आल्या होत्या, निळ्या पट्ट्यांच्या, टाचेला झिजून पार कागद झालेल्या. असल्या रबरानं करंट कितीसा अडतो, हे त्याच्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं.

"भागोजी, लिहू नका," तो म्हणाला.

तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. सळई, कातळ, ऑगस्ट, झाकणावरचं पाणी, बूट. बुटांचं खरं तर सांगितलं नसतं तरी चाललं असतं. "बिल्डिंगला उन्हाळ्यात अर्थिंग नाही. बारा वर्षं नाही. मी न बघता सही केली. वहिनी, तुम्हाला वात नाही. तो करंट होता."

मग एकदम सगळेच बोलायला लागले. "बारा वर्षं!" "माझी पोरं ओल्या अंगानं फ्रीज उघडतात," नम्रता रडवेली होऊन म्हणाली, "काही झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" भागोजी हातातल्या पत्राकडे बघत होते.

"फाडून टाका ते," सुलेमान म्हणाला.

"फाडता येत नाही, दफ्तरी लागलंय," भागोजी म्हणाले, आणि मग घसा साफ करून, "चार्जरचा विषय स्थगित. आधी इमारतीचं अर्थिंग. कोटेशनं मागवावी लागतील."

"बरोबर आहे," सुलेमान म्हणाला. म्हणता म्हणता त्याच्या डोळ्यांपुढे झोयाची बॅग आली, दाराशी भरून ठेवलेली.

यमुनाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे मला वात नव्हताच?"

"नाही वहिनी. चुकलं माझं."

"चार वर्षं गोळ्या गिळल्या मी," त्या म्हणाल्या, उठल्या, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. सभा तिथेच मोडली. चहा कुणी घेतला नाही.

सोमवारी सकाळी सातला इमारतीच्या मागून खसाखसा आवाज यायला लागला. सुलेमाननं गॅलरीतून वाकून बघितलं. यमुनाबाई पदर खोचून स्वतः अळू उपटत होत्या. उपटून झालं तशा त्या भागोजींच्या दाराशी गेल्या आणि त्यांचा आवाज तिन्ही मजल्यांनी ऐकला. "तुमची कोटेशनं बसा उबवत! मला आज कपडे धुवायचे आहेत. बोलवा त्या अलोऱ्याच्या माणसाला. आणि एकदा खणतच आहे तर बिल्डिंगचं नि गाडीचं सगळं एकदम करू दे. माझं अळू मी दोनदा उपटणार नाही, सांगून ठेवत्ये."

भागोजींपुढे पर्याय उरला नाही. नितेश दोन माणसं घेऊन आला. आठ फूट रॉड खरंच सहज गेला. एक बिल्डिंगला, एक चार्जरला, भोवती कोळसा, मीठ, वर झाकण. या वेळी झाकण लावायच्या आधी खड्डा बघायला सगळे सभासद जातीनं हजर होते. सुलेमान दूर उभा राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी निशिगंधमध्ये दहा घरांत फदफदं शिजलं, कारण यमुनाबाईंनी अळूच्या जुड्या घरोघर वाटल्या. सुलेमानकडे जुडी आली नाही.

मंगळवारी संध्याकाळी झोयानं गाडी चार्जरला लावली. दिवा हिरवा झाला. तिनं तिथेच उभं राहून राजापूरच्या घरमालकिणीला फोन केला, "नाही मावशी, खोली नको. मी येऊन-जाऊन करेन." सुलेमाननं "अल्हम्दुलिल्लाह" इतक्या जोरात म्हटलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. दोन दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं. त्या दिवशी तो भात दोनदा मागून जेवला.

जेवण झाल्यावर झोयानं चहा केला. सुलेमान खुशीत होता, आणि खुशीत असला की त्याची जीभ सैल सुटायची. "वहिनी अजून बोलत नाहीत माझ्याशी. आज जिन्यात तोंड फिरवलं त्यांनी. माणसानं एवढं कबूल केलं, तरी! आणि एवढ्याशा मुंग्या त्या..."

"अम्मीलाही यायच्या," झोया म्हणाली.

"काय?"

"मुंग्या. दर उन्हाळ्यात. मशीनला, फ्रीजला. तुम्ही तेव्हा जहाजावर असायचात. एकदा तिनं फोनवर सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मी स्वतः तपासलंय, वहम आहे तुझा, नुसता भास."

सुलेमाननं आठवायचा प्रयत्न केला. त्याला बंदरं आठवली, फोनचे बूथ आठवले, पण हे बोलणं आठवेना. म्हणजे तेवढं ते त्याला किरकोळ वाटलं असणार. "मग?"

"मग तिनं सांगणं सोडलं."

"मशीनचं?"

"सगळंच," झोया म्हणाली. "छातीत दुखतंय हे तिनं महिनाभर आधी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, अब्बा आता घरीच असतात, त्यांना सांग. तर म्हणाली, नको, ते म्हणतील वहम आहे. मीच तिला सोमवारी दाखवायला नेणार होते. ती शनिवारी गेली."

चहा निवत होता. त्यानं कप खाली ठेवला. "म्हणून खोली बघत होतीस?" त्यानं विचारलं.

"एस.टी.चा त्रास होताच. पण तेवढंच नव्हतं. या घरात तुम्हाला काही सांगायचं म्हणजे..." ती थांबली. "रविवारी मी जिन्यात उभी होते, अब्बा. तुम्ही बोलत होतात तेव्हा. बुटांचंसुद्धा सांगितलंत. घरमालकिणीला नाही म्हणायचं मी तिथेच ठरवलं. चार्जर तेव्हा स्थगित झाला होता."

खाली गाडी चार्ज होत होती, तिचा बारीक आवाज गॅलरीतून वर येत होता. दोघांपैकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सुलेमाननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

"आणखी काय सांगायची ती?" त्यानं विचारलं.

झोयानं त्याच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली आणि सांगायला लागली.